गावपळणीतला पाहुणा

१४ ऑक्टोबर २००५, शुक्रवार

पोचले एकदाची. कपड्यांची एक पिशवी आणि कॅसेटींची ट्रंक. ट्रंक उतरवताना ड्रायव्हर म्हणाला, "बाई, दगड भरलास काय?" म्हटलं, संशोधन आहे. "मगे जड आसतलाच," म्हणाला.

कणकवलीपासून शेजारी बसलेल्या बाईनं दोनदा विचारलं, "खंयच्या गो तुम्ही?" आमच्याकडे माणसाला नाव नंतर विचारतात, गाव आधी. मी सांगितलं, पुण्याची. आणि मग आमच्या शाळेच्या स्टॉपवर उतरले तर समोर दाजी, "इलंस गो बाय?" करत. ती बाई खिडकीतून बघतच राहिली. बघू दे मेली. अठराव्या वर्षी कॉलेजच्या पहिल्या दिवशी तोंड उघडलं आणि अख्खा वर्ग हसला. तेव्हापासून मी पुण्याची.

दाजी म्हणजे माझे वडील. सगळा गाव दाजी म्हणतो म्हणून मीही म्हणते. आई जाऊन सहा वर्षं झाली. घरात ते एकटे आणि चार कोंबड्या.

माझं कॉलेजातलं कंत्राट संपलं, नवं दिलं नाही. पीएचडीची मुदत मार्चअखेर. गाईड मॅडमनी शेवटचं प्रकरण परत पाठवलंय, समासात एकच ओळ लिहून: "तीस विद्यार्थी दिसतात. विचारणारी कुठे आहे?" विचारणारी इथे आहे, मॅडम. पडवीत बसून डास मारतेय.

जेवताना दाजींनी विचारलं, "पुण्याक कधी जातलंस?" येऊन चार तास झाले नव्हते. इतकी जड झाले का?

१९ ऑक्टोबर

भातकापणी चालू आहे, सगळी वाडी मळ्यात. मी एकटी टेपरेकॉर्डरसमोर. येणारा-जाणारा डोकावतो आणि रेडिओ नाही असं कळलं की निघून जातो.

दाजींना विषय समजावून सांगायला गेले. परदेशांतून पोरं पुण्यात शिकायला येतात, सुदान, येमेन, इराण, केनिया. त्यांचं हे येणं-जाणं. मॅडम त्याला चलनशीलता म्हणतात. दाजी म्हणाले, "आमचे चाकरमानी मुंबयक जातत, तसां?" म्हटलं, अगदी तसं नव्हे. "मगे कसां?" ते काही मला सांगता आलं नाही. एवढी वर्षं काय केलं मग मी?

इद्रीसची तिसरी टेप ऐकली. सुदानचा, फार्मसीला होता. तीसजणांत हा एकटाच मुलाखतीला पाच वेळा बसला. बाकीचे दुसऱ्या खेपेला चुकवायला लागायचे. मी विचारते आहे, सुट्टीत घरी का गेला नाहीस? बराच वेळ नुसती खरखर. मग तो सांगतो, "आमच्याकडे सकाळी आधी कोंबडे, मग विहिरीवरचा दोर, मग आजीचा खोकला. आता तिथं आवाज नाही." मी विचारते, लोक गेले? "गेले." शहराकडे? जरा थांबून, "गेले." मग म्हणतो, टेप बंद करता का?

मी बंद केली होती. वहीत लाल शाईनं लिहिलंय: खेड्याकडून शहराकडे स्थलांतर, घरची ओढ. उदाहरण चांगलं आहे. चौथ्या प्रकरणात चपखल बसेल.

२७ ऑक्टोबर

मॅडमची ओळ डोक्यातून जात नाही, म्हणून आज खरं लिहून टाकते. इथे कोण वाचणार आहे!

पाचव्या बैठकीनंतर इद्रीस दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, "मॅडम, तुम्ही कुठल्या?" मी म्हटलं, पुण्याचीच. तो हसला. "ओके," म्हणाला. वाईट हसला नाही. पण ते ओके माझ्या अंगाला चिकटून राहिलंय. पाच वेळा त्या पोरानं माझ्यासमोर मन मोकळं केलं आणि मी त्याला एक साधी खरी गोष्ट दिली नाही. लाज वाटली मला. शेणानं सारवलेली जमीन, लुगडं नेसलेली आई, आमची भाषा. छत्तिसाव्या वर्षी हे लिहिताना तर जास्तच वाटते.

त्याचा व्हिसा डिसेंबरच्या मध्यावर संपतो. मग तो घरी जाणार. त्याआधी त्याला खरं सांगायला हवं. नाहीतर प्रबंध लिहून झाला तरी तो खोटाच राहील.

३ नोव्हेंबर

दिवाळी झाली. सावित्रीकाकींनी, म्हणजे आमच्या शेजारणीनं, पोह्यांचं, आमच्या भाषेत फोवांचं, ताट पाठवलं आणि पाठोपाठ स्वतः येऊन आम्हा दोघांचं खाणं बघत बसल्या. "चेडू सुकला हो दाजीनूं," माझ्याकडे बघत म्हणाल्या. माझ्याशी मात्र काय बोलावं ते त्यांना सुचेना, मलाही सुचेना.

इद्रीसला वसतिगृहाच्या पत्त्यावर पत्र टाकलं. मी पुण्याची नाही. माझं खरं गाव हे. दाजींचं नाव लिहिलं, शाळेमागचं घर, तालुका मालवण. आता कधीही ये, दाराला कुलूप नसतं. एकदा आलास की तुझं तूच बघशील, मी गावाचं नाव का घेत नव्हते.

दोनदा वाचलं. बरं जमलंय.

२४ नोव्हेंबर

उत्तर नाही. पोस्टमन आता लांबूनच हात हलवतो.

आमचा फोन पावसाळ्यात खांब पडल्यापासून मुका आहे. दिवसभरात माझ्याशी बोलतात ते दाजी, आणि त्यांची वाक्यं मोजून तीन. चाय घेतलंस? जेवलंस? पुण्याक कधी जातलंस? आज मी तडकले. म्हटलं, जाईन हो, धरून ठेवलंय का तुम्हाला! ते उठून बाजारात गेले. परत आले ते सुरमई घेऊन. मला आवडते ती, त्यांना नाही.

४ डिसेंबर, रविवार

बोंबला! गावपळण.

गुरवानं आज देवळात कौल लावला आणि ग्रामदैवत रवळनाथानं उजवा दिला. शुक्रवारी सकाळी सगळ्या गावानं बाहेर पडायचं. तीन दिवस, तीन रात्री. माणसं, गुरं, कोंबडी, कुत्री, मांजरं, सगळं व्हाळापलीकडे, म्हणजे ओढा ओलांडून गावाच्या शिवेबाहेर. आत श्वास घेणारं काही राहता कामा नये. दारं नुसती ओढून घ्यायची. आमच्या गावात तेव्हा कुलूप लावत नाहीत, देवावर अविश्वास दाखवल्यासारखं होतं म्हणून. दर तीन वर्षांनी येते, पण नक्की कधी ते देवालाच ठाऊक. पुण्याला गेल्यापासून एकदाही माझ्या वाट्याला आली नव्हती. मी तर विसरूनच गेले होते.

सगळ्यांत शेवटी घराघरांत बघून निघण्याचा मान आमच्या घराण्याचा. दाजींचं वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे कामातून गेलेले. तरी आज त्यांची मान ताठ. मी म्हटलं, दुसरं कोणी जाईल. असे बघितले माझ्याकडे!

माझी तीन दिवसांची कामं बुडाली. इद्रीसचं पत्र नाहीच. कशाला येतोय तो!

९ डिसेंबर, शुक्रवार

व्हाळाच्या अलीकडे झावळ्यांच्या खोपीत बसून लिहितेय.

सकाळी नगारा झाला आणि गाव निघाला. डोक्यावर टोपल्या, टोपल्यांत कोंबड्या. सावित्रीकाकींच्या काखेत मांजर, ते सारखं ओरडतंय आणि काकी त्याला तितक्याच जोरात समजावतायत. मी ट्रंक घरीच ठेवली. आवाज काय, ते थोडेच श्वास घेतात.

दाजी सगळ्यांच्या मागून आले. प्रत्येक दारात "कोण आसा काय रे?" अशी हाक मारायची, उत्तर नाही आलं की पुढे. ते व्हाळ ओलांडून आले आणि लक्षात आलं, काठी आमच्याच दारात राहिली. परत जाता येत नाही. म्हटलं, आता काय करणार? त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि खोपीपर्यंत आले. हात बराच जड आहे. दिवसभर उठता-बसता तोच खांदा.

१० डिसेंबर

इथे मजा आहे म्हणतात सगळे. आहेच. बायका एका चुलीवर रांधतायत, पुरुष पत्ते कुटतायत, कोणाचं कोण कोणाच्या खोपीत जेवतंय. आणि मी कडेला वही घेऊन. कोणी बोलावत नाही असं नव्हे. बोलावतात, मी जाते, आणि गप्पांत दहा मिनिटांनी शब्द शोधायला लागते. माझं मालवणी आता पुस्तकी झालंय. सावित्रीकाकी म्हणाल्या, "तू बोलतंस ता कसा, टेलीफोन ऑफिसातल्यासारखा." सगळ्या हसल्या. मीही हसले. पुण्यात वर्ग हसला होता तो उलट्या कारणासाठी.

पलीकडे गाव दिसतो. धूर नाही, आवाज नाही. बघवत नाही फार वेळ.

११ डिसेंबर, रविवार

झालं तसं लिहिते.

रस्ता सरकारचा, म्हणून एसटी गावातून जाते, पण थांबत नाही. आज दुपारची मालवणहून आलेली गाडी व्हाळाच्या पुलावर थांबली. कंडक्टर बाबली, पलीकडच्या गावचा, उतरून ओरडत आला. "दाजीनूं, तुमचो पावणो इलो! शाळेकडे उतारलो!"

कोण पाहुणा?

"मोठो उंच, काळोसावळो, फॉरेनचो. हातात तुमचा पत्र. मी तेका म्हटलंय, हंयसर कोण नाय रे बाबा, नो मॅन, नो मॅन! तो म्हणता, येस येस, दाजी हाऊस. उतारलो तो उतारलोच."

मी धावले. खरंच धावले, चपला खोपीतच राहिल्या. व्हाळात पाय घातला तेव्हा दाजींची हाक आली, "बाय!" एवढीच. रागानं नाही. मी वळून बघितलं. ते काठीशिवाय उभे होते, बांबूला धरून. त्यांच्या मागे सगळा गाव उभा. मी आत पाय ठेवला असता तर तीनशे घरांची पळण मोडली असती, आणि ती मानकऱ्याच्या मुलीनं मोडली असती.

मी नाही गेले. ज्या गावाचं नाव अठरा वर्षं लपवलं, त्या गावासाठी मी घोटाभर पाण्यात उभी राहिले. असल्या चालीरीतींना मी प्रबंधात "समारंभीय स्थलांतर" म्हटलंय. थू माझ्यावर.

"आराड मार," दाजी म्हणाले. "नाव काय तेचा?"

इद्रीस. मी हाक मारली. खारा वारा समोरून येत होता, हाक तोंडातच परत. मग सावित्रीकाकी माझ्याशेजारी पाण्यात उतरल्या. "एऽ इद्रीऽस!" मग सगळे. बायका, पत्ते टाकून आलेले पुरुष, शंकर गुरवसुद्धा. ज्याला कधी बघितलं नाही त्याच्या नावानं सगळा गाव ओरडत होता. कुत्री भुंकायला लागली. अर्धा तास. पलीकडून कोणी आलं नाही.

बाबलीजवळ चिठ्ठी दिली. परतीच्या गाडीनं जाताना शाळेकडे थांब, हॉर्न वाजव, त्याच्या हातात दे. गाडी साडेचारला गेली. हॉर्न इथपर्यंत ऐकू आला, कितीतरी वेळ.

१२ डिसेंबर, सोमवार

बाबलीनं सकाळी चिठ्ठी परत आणून दिली. "थंयसर कोण नव्हतो गो. किनाऱ्यान चालत गेलो आसतलो तारकर्लीक."

दुपारी कौल मिळाला, गाव परत फिरला. पुढे कोंबड्या, मागे माणसं. वाडीत शिरताच सावित्रीकाकी थबकल्या. "माझा दार वाऱ्यान उघडलेला हुता. व्हाळाकडसून दिसा माका. ह्या लावलान कोणी?" धोंडूचं दार लावलेलं. राधाबाईंचं लावलेलं. शेवटच्या घरापर्यंत सगळी दारं बाहेरून कड्या घालून नीट लावलेली. बायकांनी हात जोडले. शंकर गुरव पळण मोडल्याचं काही म्हणणार होता, दाजी म्हणाले, "देवान कौल दिलो मां? मगे बस झाला."

आमच्या दाराच्या कडीत माझंच पत्र होतं. मागच्या कोऱ्या बाजूवर त्यानं इंग्रजीत लिहिलं होतं. मराठीत उतरवून ठेवते.

"मॅडम, मी आलो होतो. तुम्ही पुण्याच्या नाही हे मला ठाऊक होतं. बोलण्याआधी तुम्ही किंचित थांबता. मीही थांबतो. म्हणून पाच वेळा बसलो, वाटायचं आज सांगतील. आता कळलं, का सांगत नव्हतात. तुम्ही लिहिलंत तसं माझं मीच बघितलं. कंडक्टर म्हणाला, इथे आता माणूस नाही. मी सगळीकडे फिरलो. कोंबडं नाही, कुत्रं नाही, चुली थंड. माझ्या काकांनी पाहिला तेव्हा आमचा गावही असाच होता, फक्त जाळलेला. तुमच्या दाराशी एक काठी आहे, कोणा म्हाताऱ्या माणसाची. तिला हात लावला नाही. जी दारं उघडी होती ती लावली. आमच्याकडे लावायला दारं उरली नव्हती. तुमच्या माणसांसाठी प्रार्थना केली. चौदाला कैरोला जातोय. घरी नाही. इद्रीस."

पडवीत बसून राहिले. बाजूनं सगळा गाव कोलाहल करत घरात शिरत होता. भांडी वाजत होती, सावित्रीकाकी मांजराला शिव्या देत होत्या. पाच बैठका, आणि मी लिहिलं काय, तर खेड्याकडून शहराकडे स्थलांतर.

संध्याकाळी बाजारातल्या बूथवरून वसतिगृहात फोन लावला. खोली आठ तारखेलाच सोडली म्हणे.

१३ डिसेंबर, मंगळवार

सकाळच्या गाडीनं मालवणला. सायबर कॅफे. संमतीपत्रावर त्याचा ईमेल होता.

लिहिलं: आम्ही सगळे जिवंत आहोत. गावात माणसं आहेत. ही आमची रीत आहे, तीन दिवस बाहेर राहतो आणि परत येतो. ती काठी दाजींची, दाजी बरे आहेत. तू आलास तेव्हा सगळा गाव व्हाळात उभा राहून तुझ्या नावानं ओरडत होता. दारं लावलीस, कोणाला कळेना कोणी लावली, आता कळलंय. इथवर भराभर लिहिलं. मग त्याच्या नजरेनं वाचलं. "परत येतो" हे दोन शब्द तो कसे वाचेल? खोडले. पुन्हा घातले, खरे आहेत म्हणून. आपली माणसं धडधाकट असल्याची एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

मग लिहिलं: तिसऱ्या टेपवर मी खोटं लिहिलंय, ते खोडते. पुन्हा कधी सांगावंसं वाटलं तर सांग. टेप नसेल, वही नसेल. पाठवलं. तासभर तिथंच थांबले. उत्तर नाही.

घरी आले तर दाजी पडवीत, काठी मांडीवर. आज पुण्याचं काही विचारलं नाही. मी इद्रीसचं पत्र त्यांना आपल्या भाषेत वाचून दाखवलं. शब्द शोधावे लागले नाहीत. ते बराच वेळ काठीवरून हात फिरवत राहिले.

"खंयचो गो तो?"

"सुदानचा."

"तो देश झालो. गाव खंयचो?"

मी ट्रंक उघडली. फॉर्म काढला. नाव, वय, देश, अभ्यासक्रम, खोली क्रमांक. तीस फॉर्म, एकातही गावाचा रकाना नाही. मीच आखले होते.

"इचारूक नाय?" दाजींना खरंच आश्चर्य वाटलं होतं. "पाच खेपा बोललंस, आणि गाव इचारूक नाय?"

"नाही विचारलं, दाजी. मग त्यानं मला विचारलं असतं."

उद्या चौदा तारीख. पहिल्या गाडीनं पुन्हा मालवणला जाते. एवढं एक विचारायचं राहिलंय.